ट्रामची दुसरी खिडकी

सहल कंपनीनं दिलेल्या कागदावर लिस्बनच्या वाट्याला अर्धा दिवस आला होता. सकाळी नऊला बेलेम. तिथला बुरूज बाहेरून, मठ बाहेरून, दर्यावर्दींचं स्मारक बाहेरून. मग त्या प्रसिद्ध कस्टर्डच्या पेस्ट्रीचा माणशी एकेक नग. साडेबाराला बस सुटणार, थेट माद्रिद. मी तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, ही कंपनी नको. लिस्बनला आपण आपले जाऊ. पाच दिवस."

"एकाच गावात पाच दिवस करणार काय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मी त्याला तिथं जाऊन दिलं, तुम्हाला इथं देते.

शहरं बाहेरून दाखवायचा जो धंदा बोकाळलाय, त्याचा मला मनापासून संताप येतो. माणसं प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढतात, गुडघ्याला पट्टे बांधतात, डब्यात खाकरे-चिवडा भरून घेतात आणि आयुष्यात एकदाच इतक्या लांब जातात. त्यांना बसमधून उतरवायचं, पंधरा मिनिटं फोटोला द्यायची, पुन्हा मोजून बसमध्ये भरायचं. परत आल्यावर त्यांना विचारा, लिस्बन कसं आहे? "स्वच्छ आहे हो!" याच्यापुढे गाडी जात नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

आणि लिस्बनच्या बाबतीत तर हे अक्षम्य आहे. कारण मराठी माणसाचा या शहराशी हिशेब आहे. जुना, लांबलचक आणि आपण अर्धवट विसरलेला.

पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. अल्फामा या जुन्या, चढउताराच्या वस्तीत आम्ही एक खोली घेतली होती. सत्तरीच्या घरमालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला पोर्तुगीज. त्यांनी माझ्या तळहातावर किल्ली ठेवली, माझी बोटं मिटली आणि सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाल्या, "शाव्ह." मी हात उघडून किल्लीकडे बघितलं आणि म्हणाले, "चावी." बाई हसल्या. त्यांना वाटलं माझा उच्चार चुकला. मी मान हलवली, पुन्हा म्हटलं, "चावी. आमच्याकडेसुद्धा चावीच." मग कोपऱ्यावरच्या दुकानात पाव दिसला. त्याला ते 'पांव'च्या जवळपास जाणारं काहीतरी नाकातून म्हणतात. गल्ल्यापाशी 'पगार' हा शब्द ऐकू आला. त्यांच्यात त्याचा अर्थ पैसे देणं. बटाटा तर बटाटाच, फक्त ट मऊ. लिलाव त्यांचा, नाताळ त्यांचा, पिंप त्यांचं. हापूस त्यांच्या अफोन्सोचा. घमेलंसुद्धा तिकडचंच म्हटल्यावर नवरा थबकला. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस तो. "आमच्या साइटवरचं घमेलं?" होय, तेच. आणि तुरुंग. तो शब्दही पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला. दार उघडायची चावी त्यांनी दिली आणि दार लावून कोंडायचा तुरुंगही त्यांनीच दिला. ही जोडी मला पाचही दिवस सोडून गेली नाही.

नवऱ्याला मात्र या शहरानं पायाखालून धरलं. लिस्बनचे फुटपाथ लहान लहान दगडांचे असतात. मुठीत मावेल एवढा पांढरा चुनखडीचा दगड, मध्ये काळा, त्यातून लाटा, गलबतं, फुलं. दुसऱ्या दिवशी रुसियू चौकाच्या मागच्या गल्लीत एक कारागीर गुडघ्यांवर बसून काम करत होता. डाव्या तळहातात दगड घ्यायचा, उजव्या हातातल्या हातोडीनं दोन टवके उडवायचे, वाळूच्या गादीवर बसवायचा, ठोकायचा. पुढचा दगड. नवरा त्याच्या शेजारी उकिडवा बसला तो चाळीस मिनिटं हलला नाही. उठल्यावर म्हणाला, "सिमेंट नाहीये गं मध्ये. खालून पाइप काढायचा असेल तर दगड उचलतील आणि तेच दगड पुन्हा बसवतील." डांबर दर पावसाळ्यानंतर कसं वाहून जातं, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याचा तो स्वर होता. या कामाला माणसं मिळेनात म्हणून लिस्बन महापालिकेनं १९८६ साली त्याची शाळाच काढली. आणि या दगडकामाची सुरुवात केली कुणी? १८४२ साली वरच्या किल्ल्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी. त्यांच्याकडून किल्ल्याच्या आवारात नागमोडी नक्षीची फरसबंदी करून घेतली, ती लोकांना आवडली आणि काही वर्षांत रुसियू चौकात लाटा उमटल्या. आज जगभरचे लोक ज्या नक्षीवर उभं राहून फोटो काढतात, तिची मुळं कैद्यांच्या हातात आहेत. पाऊस पडला की हे दगड भयंकर निसरडे होतात, तेवढं मात्र सांभाळा. चपला घालून जाऊ नका.

खालचा सपाट भाग, बायशा, हा भूकंपानंतर वसवलेला आहे. १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हादरली, छतं कोसळली. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, तर तिथं समुद्र चालून आला. उरलेलं आगीनं खाल्लं, ती कित्येक दिवस धुमसत होती. भारतातल्या व्यापाराचा सगळा कारभार जिथून चालायचा ते 'काझा द इंडिया' त्यातच गेलं, कागदपत्रांसकट. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला मंत्री पुढे झाला आणि त्यानं सरळ रेषेतल्या रस्त्यांचं नवं गाव उभारलं. नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा घातला. उभ्या, आडव्या आणि तिरप्या तुळया, मधल्या जागेत दगडविटांचा भरणा. जमीन हलली तर लाकूड लवावं, भिंत पडू नये. सैनिकांना पिंजऱ्याच्या नमुन्याभोवती पाय आपटत चालायला लावून तो तपासला, असं सांगतात. "आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर जे बोललं जात होतं ते यांनी अडीचशे वर्षं आधी केलं होतं," नवरा म्हणाला आणि बराच वेळ गप्प झाला. १९९३ साली तो लातूर जिल्ह्यात होता. त्यानं काय पाहिलं होतं ते मला ठाऊक आहे. तो विषय मी तिथं वाढवला नाही.

मला जायचं होतं वर, कार्मोला.

कार्मोच्या मठाचं छत त्या भूकंपात पडलं आणि पुढे ते कधीच पुरं झालं नाही. दगडी कमानी आकाशाखाली उघड्या उभ्या आहेत, बरगड्यांसारख्या. प्रत्येक जण वर मान करून त्यांचा फोटो काढतो. काढावाच. पण बाहेर आलात की त्या चौकातल्या झाडाखालच्या बाकावर बसा आणि शेजारच्या पोलीस बराकीच्या दाराकडे बघा. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्या हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलो काएतानो या दाराआड लपून बसला होता. बाहेर चिलखती गाड्या, गाड्यांवर तरुण सैनिक आणि त्यांच्या बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी खोचलेली लाल कार्नेशनची फुलं. संध्याकाळपर्यंत तो शरण आला. सालाझारनं उभी केलेली, जवळपास अर्धं शतक चाललेली राजवट इथं या चौकात संपली.

आपल्याला काय त्याचं? सांगते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, हे आपण शाळेत शिकतो. पोर्तुगालनं ते मान्य कधी केलं, हे शिकत नाही. त्या राजवटीनं ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्यांच्या लेखी गोवा हा त्यांचाच 'व्यापलेला' प्रांत होता. या चौकात ती राजवट पडली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालनं करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली भारताचे असल्याचं मान्य केलं. म्हणजे गोवामुक्तीचा शेवटचा कागद खऱ्या अर्थानं मोकळा झाला तो कार्मोच्या या दारात. आमच्या सहलीच्या कागदावर कार्मो नव्हतंच. इतरांच्या कागदांवर असतं तेही 'छत नसलेलं चर्च' एवढंच.

आता ती ट्राम. अठ्ठावीस नंबर. पिवळी, लाकडी, करकरत चढणारी. गल्ल्या इतक्या अरुंद की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला लागेल. लिस्बनला येणारा प्रत्येक जण तीत चढतो. आम्हीही चढलो, पाऊण तास रांगेत उभं राहून. ट्राम बायशातून वर चढून कॅथेड्रलपाशी आली आणि सगळी ट्राम एका खिडकीकडे कलली. पन्नासेक हात, पन्नासेक फोन, समोर बाराव्या शतकातलं ते दणकट कॅथेड्रल. मी दुसऱ्या खिडकीशी होते. माझ्या अंगाला एक साधी, फिक्या रंगाची, चौकोनी खिडक्यांची इमारत जवळजवळ घासून गेली. तिच्याकडे कुणीही बघितलं नाही.

ते अल्जूब. मूळ शब्द अरबी. अर्थ विहीर, आपल्या भाषेत आड. १९२८ ते १९६५ इथं राजकीय कैदी ठेवत. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे 'पीडे'नं, पकडलेली माणसं. एकांतकोठडी साधारण एक मीटर बाय दोन मीटर. २०१५ साली, २५ एप्रिललाच, त्याचं संग्रहालय केलं.

आम्ही पुढच्या थांब्यावर उतरून उतारानं मागे आलो. आत एक शाळेचा वर्ग आला होता, चौदा-पंधरा वर्षांची मुलं. शिक्षिका एकेका मुलाला त्या कोठडीच्या मापाच्या जागेत उभं करत होत्या. एक उंच मुलगा आत गेला, त्यानं दोन्ही हात पसरायला सुरुवात केली आणि कोपरं दुमडलेलीच राहिली. वर्गात कुणी हसलं नाही. तो बाहेर आला, पुढची मुलगी आत गेली. मी भिंतीला टेकून हे सगळं बघितलं. आपल्या देशानं काय केलं हे एक शिक्षिका आपल्या मुलांच्या अंगाला कळेल असं शिकवत होती. मला तिचा आदर वाटला. तितकंच वाईटही वाटलं, कारण गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर मी कितीतरी मराठी कुटुंबं पाहिलीत. दीपगृहापाशी फोटो काढून खाली मासे खायला जाणारी. तिथल्या तुरुंगात आपले किती जण सडले, हे मुलांना सांगताना मी एकालाही ऐकलेलं नाही. आग्वादचा तुरुंगही आता संग्रहालय झालाय. जा आणि मुलांना घेऊन जा.

बेलेम टाळता येत नाही, टाळूही नये. जेरोनिमोश मठाचा दगड लोण्यासारखा कोरलाय. खांबांवर जहाजाचे दोर, शिंपले, समुद्री वनस्पती. १५०१च्या सुमारास काम सुरू झालं ते मसाल्याच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के कराच्या पैशांतून. मलबारची मिरी दगड होऊन उभी आहे, असं म्हणा हवं तर. आत शिरल्या शिरल्या वास्को द गामाची समाधी. तिच्याभोवती आपल्याकडचाच एक मोठा गट उभा होता. वाटाड्या सांगत होता, हाच तो ज्यानं भारताचा शोध लावला. आणि आपली माणसं माना डोलावत होती! मला राहवलं नाही. मी त्या गटातल्या माझ्या वयाच्या बाईंना मराठीत म्हटलं, "ताई, आपण हरवलो कधी होतो?" त्या चमकल्या. मग त्यांनीच मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "सांगा ना, मग खरं काय?" मी त्यांना १५०२ सालचं सांगितलं. गामाची दुसरी सफर, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज, त्यात बायका-मुलं, आणि ते जहाज त्यानं जाळलं ते. त्याच्या बरोबरच्या लोकांनीच ते लिहून ठेवलंय. बाई बराच वेळ त्या दगडी चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या बसचा भोंगा वाजला.

रस्ता ओलांडला की ते दर्यावर्दींचं स्मारक, छप्पन मीटर उंच, जहाजाच्या नाळेसारखं पुढे झुकलेलं. टोकाचा धरून दोन्ही अंगांना मिळून तेहतीस पुतळे, त्यात बाई एकच. अफोन्सो द अल्बुकर्क आहे, गोव्यात ज्याचं शव जपलंय तो फ्रान्सिस झेवियरही आहे. स्मारकाच्या पायाशी दगडात जडवलेला जगाचा नकाशा, कुठल्या किनाऱ्यावर कधी पोचलो त्या सालांसह. हे प्राचीन असावं असं वाटतं ना? हे १९६० सालचं आहे. माझ्या आईचं लग्न झालं त्या वर्षीचं. गोवा अजून त्यांच्या ताब्यात होता. सालाझारची राजवट साम्राज्याचा उत्सव करत होती आणि गोव्यात पकडलेल्या माणसांना तुरुंगांत सडवत होती.

त्यातले एक मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, गाव सांगली. गोव्यात मराठी शिकवायला मास्तर म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षं. त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. १९६१ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. आणखी सात वर्षं उलटली. त्यांना सोडवण्यासाठी इकडे अनेकांनी जिवाचं रान केलं, त्यात सुधीर फडकेही होते. जानेवारी १९६९मध्ये ते बाहेर आले.

काशियास कुठं आहे ठाऊक आहे? बेलेमच्या स्मारकापासून नदीकाठानं जी लोकल जाते, तिच्यावरचं तिसरं स्टेशन. अल्जेश, क्रूश केब्राडा, काशियास. बेलेममध्ये फोटो काढणाऱ्या एकाही मराठी माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून मी इथं स्टेशनांची नावं लिहिली आहेत. कापून ठेवा.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की पुळणीला लागून एक चिमुकला देखणा किल्ला आहे, सतराव्या शतकातला. नवरा म्हणाला, "हाच काय?" हा नव्हे. तुरुंगाचा किल्ला वर टेकडीवर. तिथं अजूनही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जायचा प्रश्न नव्हता. टॅक्सीवाल्याला नाव सांगितलं तर त्यानं आरशातून आमच्याकडे दोनदा बघितलं. तिथं काय आहे, असं त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, आमचा एक माणूस होता इथं. कधी? १९६९पर्यंत. त्यानं गाडीचा वेग कमी केला. त्याचे आजोबासुद्धा इथं होते, म्हणाला. १९७४च्या एप्रिलमध्ये, क्रांतीनंतर दुसऱ्या रात्री दारं उघडली तेव्हा सुटले. भिंतीच्या बऱ्याच अलीकडे त्यानं गाडी थांबवली. मीटरही थांबवला. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला पाचेक मिनिटं उभे राहिलो. समोर भिंत, तारा, टेहळणीची जागा. फोटो काढायची इच्छा झाली नाही.

खाली पुळणीवर आल्यावर मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. सावंतवाडीला दुपारचे साडेतीन वाजले असतील. मामा नव्वदीचे. १५ ऑगस्ट १९५५ला ते वीस वर्षांचे होते आणि बांद्याच्या बाजूनं गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रह्यांत होते. त्या दिवशी गोळीबारात वीसहून अधिक माणसं गेली. मामांच्या वाट्याला लाठ्या आल्या, पोटरीवरचा व्रण अजून आहे. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं की काशियासला उभी आहे, रानड्यांना ठेवलं होतं तिथं. पडद्यावर त्यांचा चेहरा अगदी जवळ आला, नुसतं कपाळ आणि चष्मा. मागून मामी म्हणत होती, फोन लांब धरा.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन तुटली.

मग म्हणाले, "थंयसून दर्या दिसता काय गो?"

मी फोन पाण्याकडे वळवला.